नोंदीत नसलेली वाट

सुकन्याचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत सायकलची साखळी पुसत होते.

"ताई, अप्पांचं लिंग हरवलंय. अंघोळीला गेले, सदरा काढला, तर गळा मोकळा. सकाळी तुमच्यासंगंच होते ना? जरा येता का?"

हात तसेच काळे घेऊन मी निघाले. त्यांचं घर माझ्या मागच्याच गल्लीत आहे.

सिद्रामप्पा म्हणजे उदगीरच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, जुने आडते. दुकान आता मुलगा राजशेखर बघतो. सुकन्या त्याची बायको. लिंगायत घरात मूल जन्मलं की जंगम, म्हणजे त्यांचे पुरोहित, येऊन त्याला इष्टलिंग बांधतात. आवळ्याएवढं काळं लिंग, चांदीच्या डबीत, दोऱ्यानं गळ्यात. ते जन्मभर अंगावर राहतं; अंगावर नसेल तर अन्नपाणी घ्यायचं नाही. रोज डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची आणि मगच अन्नपाण्याला हात लावायचा. दुसऱ्या कोणी त्याला शिवायचं नाही. हल्ली सगळेच काही हे इतकं पाळत नाहीत. राजशेखर पाळत नाही. अप्पा पाळतात. हे मला ठाऊक होतं ते त्यांच्यामुळेच, कारण दोन वर्षं आम्ही बरोबर सायकल चालवत होतो.

मी मूळची नांदेडची. नवरा मुकुल तिथंच नोकरीला आहे. मी उदगीरच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि शनिवारी घरी जाते. पहिल्या वर्षी इथं माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं. तेव्हा जाड टायरची, डोंगरात चालणारी सायकल घेतली. हँडलवर बसवायचं जीपीएस यंत्र मुकुलनं दिलं. "हरवलीस तर निदान त्याला तरी माहीत असेल," असं म्हणून.

काड्यापेटीहून थोडं मोठं यंत्र आहे ते. रात्री संगणकावर उपग्रहाचं चित्र उघडायचं, गाडीवाटा, पाणंदी, ओढ्याकाठच्या पायवाटा शोधायच्या, त्यांच्यावरून एक रेघ ओढायची आणि ती यंत्रात भरायची. सकाळी पडद्यावर जांभळी रेघ दिसते, आपण तिच्यावरून जात राहायचं. चुकलं की ते शीळ घालतं. घरी आल्यावर आपण खरोखर कुठून गेलो, किती चढलो, कुठे रेंगाळलो, ते सगळं पाहता येतं. बालाघाटचा हा तुकडा नकाशात जवळजवळ कोरा होता. माझ्या फेऱ्यांनी तो हळूहळू भरत गेला, आणि मला त्यात फार समाधान वाटायचं.

पण पहाटे एकटी बाई सायकलवर गावाबाहेर जाते, हे सगळ्यांच्या डोळ्यांवर यायला वेळ लागला नाही. मोटरसायकलवरचे दोघं जण मागं मागं यायला लागले. काही बोलायचे नाहीत, नुसते मागं असायचे. मी कुणाला सांगितलं नव्हतं. मग एका सकाळी गल्लीच्या कोपऱ्यावर सिद्रामप्पा उभे. कोरी सायकल, डोक्याला माकडटोपी आणि तिच्यावर हेल्मेट.

"बाई, मला बी साखर उतरवायची हाय," ते म्हणाले. "डॉक्टर दहा वर्षं झालं बोंबलायलाय. म्हणलं, तुमच्यासंगं यावं. मागं राहिलो तर थांबू नका."

ते मागं राहिले. मी थांबले. मोटरसायकल पुन्हा कधी दिसली नाही.

माझं जुनं यंत्र मी त्यांच्या हँडलवर लावून दिलं. ते त्यांना फार आवडलं. "आमच्या शिवम्मापेक्षा बरं हाय हे," ते बायकोवरून म्हणायचे. "चुकलो तर एकदाच वरडतंय." मी रेघा ओढायची आणि ते नावं सांगायचे. हा विरूपाक्षाचा माळ, ही घोडेपड, तो भुताचा ओढा. ती नावं मी नकाशात भरत गेले. माझ्या वाटांना नावं आली ती अशी.

अप्पा बैठकीत पलंगावर बसले होते. खांद्यांवरून उपरणं घट्ट लपेटलेलं, गळा कुणाला दिसू नये असं.

"या बाई. आता तुमचं यंत्र काय म्हणतंय बघू," ते म्हणाले. "आरोपी आमी, साक्षीदार ते."

"साक्षीदार कशाला लागतो?" स्वयंपाकघराच्या दारातून शिवम्मा म्हणाल्या. "सत्तरीचा माणूस अर्धी चड्डी घालून डोंगरात हिंडायला, आजून काय होणार? बघा की. 'ऊटा बेडा, नीरू बेडा' लावलंय. जेवण नको, पाणी नको."

"तू जेव की. तुला कुणी धरलंय?"

"मी जेवते बघा," असं म्हणून त्या तिथंच उंबऱ्यावर बसल्या. मागं चुलीजवळ भाकरी झाकून ठेवलेल्या होत्या.

सुकन्यानं मला आत बोलावलं. एरवी ती भराभर बोलते, पण आता एकेक गोष्ट नीट सांगत होती. अप्पा नेहमीप्रमाणे पहाटे पूजा न करताच निघाले होते, वाटेत करायची म्हणून. ती केली आणि लगेच साखरेची गोळी घेतली. घरी येऊन जेवायचं ठरलं होतं. म्हणजे गोळी पोटात होती आणि रात्रीपासून अन्न नव्हतं. मठात फोन केला होता. स्वामी म्हणाले, औषधापुरतं खा-प्या, उद्या या, दुसरं लिंग बांधू. अप्पा ऐकेनात. राजशेखर लातूरला गेला होता आणि तासातासाला फोनवर चिडत होता.

"ताई, तुमाला म्हणून सांगते," ती म्हणाली. "दहा वर्षं आमी पाया पडलो, सकाळी फिरायला जा म्हणून. नाही गेले. आन एक दिवस मोंढ्यातनं आले ते सायकल घेऊनच. म्हणाले, ती पोरगी एकटी जायली, मागं लोक चांगले न्हाईत. साखरेचं नंतर."

मला हे माहीत होतंही आणि नव्हतंही.

बाहेर येऊन अप्पांचं यंत्र मी माझ्या फोनला जोडलं. सकाळचा प्रवास पडद्यावर उमटला. घरापासून माळापर्यंत आम्ही एकत्र होतो. तिथं आमच्या वाटा नेहमीप्रमाणे फुटल्या. मी वरच्या डोंगरावरून लांबचा फेरा घेते, ते सोप्या गाडीवाटेनं जातात, आणि पाझर तलावाच्या बांधावर आम्ही भेटतो. त्यांची रेघ एका विहिरीपाशी गेली होती. तिथून पुढं मात्र वाट नव्हती. विहिरीपासून थेट तलावाच्या बांधापर्यंत एक सरळ, पट्टीनं ओढल्यासारखी रेषा होती, मधल्या घळीवरून उडी मारून गेलेली. कुठलीही सायकल तशी जाऊ शकत नाही.

"अप्पा, विहिरीपाशी यंत्र बंद केलंत का?"

"केलं की. पूजेला बसलो तिथं. रोजच करतो."

"बंद का?"

"पूजेची नोंद कशाला? देवाला काय हजेरी दाखवायची हाय?" ते म्हणाले. मग थोडं ओशाळून, "उठल्यावर चालू करायचं इसरलो. बांधावर आल्यावर बघितलं."

दोन वर्षांत हे मला कधी कळलं नव्हतं. एरवी ते तिथंच पुन्हा बटण दाबायचे, त्यामुळे नोंदीत नुसता थांबा दिसायचा.

"विहिरीपाशी गळ्यात होतं?"

"होतं. पूजा करून डबी बंद केली, आत सारली, वर जाकिट. थंडी लई होती."

बांधावर मला भेटले तेव्हा जाकीट हँडलला गुंडाळलेलं होतं. डोक्यातून ओढून काढायचं जाकीट. ते मी म्हटलं आणि अप्पांचा हात आपोआप गळ्याकडे गेला.

"चढ लागला तेव्हा गरम झालं. थांबलो, काढलं," ते हळूहळू म्हणाले. "दोरा जुना झालता."

म्हणजे लिंग जाकिटाबरोबर निघालं होतं, विहीर आणि बांध यांच्या मधे कुठे तरी. बाकीच्या सगळ्या वाटेची नोंद होती. नेमकी तेवढी नव्हती.

"पण नेहमीची वाट तर ठरलेली आहे," मी म्हटलं.

"आज न्हाई. कुणीतरी गव्हाला पाणी सोडलं होतं, ते फुटून वाटंवर आलतं. चिखल. मी वरून वळसा घातला."

त्यांना खात्री होती. मलाही शंकेचं कारण दिसलं नाही. सुकन्यानं गाडी काढली, मी माझ्या सायकलचं पुढचं चाक काढून ती डिकीत घातली, आणि अप्पा पुढच्या सीटवर येऊन बसले. त्यांना घरी थांबा म्हणायचा प्रयत्न शिवम्मांनी एकदाच केला.

"माझ्याशिवाय हात कोण लावणार?" ते म्हणाले.

संक्रांत नुकतीच झाली होती. सकाळचं धुकं कधीच गेलं होतं आणि माळावर नितळ ऊन होतं. तूर काढून झालेली, खुंटं उभी. ज्वारी हुरड्यावर आलेली. विहिरीजवळच्या दगडावर भस्माची बोटं आणि एक बेलाचं पान अजून तसंच होतं. अप्पांनी ते पान उचलून डोळ्यांना लावलं. त्यांना तिथं लिंबाखाली बसवून सुकन्या आणि मी वरच्या वाटेला लागलो.

वरची वाट माळाच्या कडेनं जाते. गवत, मुरूम, मधेच काळे दगड. आम्ही दोघी दोन बाजूंनी वाकून चालत गेलो, बांधापर्यंत, आणि तसंच परत आलो. मग बाजू बदलून पुन्हा. एक विझलेली चूल सापडली, घोड्याचा नाल सापडला. सुकन्या चालता चालता काही तरी पुटपुटत होती. बहुधा नामस्मरण असावं. तिसऱ्या वेळी ती थांबली आणि म्हणाली, "ताई, एखाद्या पाखरानं उचलून नेलं तर?"

"डबी जड असते," मी म्हटलं. मला स्वतःला तेवढी खात्री नव्हती.

परत आलो तेव्हा अप्पांच्या कपाळावर घाम होता, आणि वारा तर गार होता. उपरण्याचं टोक धरलेली बोटं बारीक थरथरत होती. रक्तातली साखर उतरायला लागली की असं होतं. सुकन्यानं पर्समधून साखरेची पुडी काढली. त्यांनी तिच्याकडं पाहून फक्त मान हलवली.

"अप्पा, स्वामींनी सांगितलंय ना? दुसरं बांधता येतं," ती म्हणाली.

"येतंय की. लोकं बांधतात." "पाळण्यात बांधलं होतं, बाळा. माती देतानी तेच हातात पायजे. दुसरं घेऊन गेलो तर आई वळखंल का मला?"

हे ते हसत म्हणाले. सुकन्यानं तोंड फिरवलं.

मी थोडी दूर जाऊन दगडावर बसले. एखादा प्रयोग बिघडला की मी मुलांना म्हणते, की तुम्ही काय गृहीत धरलंत ते आधी बघा. इथं मी एकच गोष्ट गृहीत धरली होती, की अप्पा वरून गेले. ती मोजलेली नव्हती, फक्त सांगितलेली होती. आणि मोजलेलं काही आपल्याकडे आहे का, असा विचार करताना मला चाक आठवलं.

त्यांच्या पुढच्या चाकाच्या आसावर बोराएवढा एक सेन्सर आहे. तो चाकाचे फेरे मोजतो. हँडलवरचं यंत्र बंद असलं तरी तो मोजतच राहतो, कारण त्याला बटणाचं काही माहीत नसतं. घरी यंत्र फोनला जोडलं तेव्हा सायकल दाराशीच होती. चाकाचा आकडा आपसूक फोनमध्ये आला असणार. मी तो बघितलाच नव्हता. आता बघितला. दिवसभरात चाक एकूण जितकं फिरलं, त्यातून नोंदलेला प्रवास वजा केला. उरलं ते विहीर ते बांध. ते जवळजवळ चार किलोमीटर होतं. वरची वाट दीडसुद्धा भरत नाही.

घळीच्या खालून, ओढ्याच्या काठाकाठानं एक वाट जाते. नकाशात ती मोजली. चारला थोडी कमी.

मी दोनदा ताळा करून पाहिला. ज्या माणसाचं मी इतकं देणं लागते त्याला तोंडावर 'तुमचं चुकतंय' म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण सूर्य कलला होता आणि त्यांच्या हाताचा कंप वाढत होता.

"अप्पा," मी म्हटलं, "तुम्ही खालून गेलात."

"वरून गेलो."

"चाक खालून गेलंय."

"आसं?" त्यांनी डोळे उघडले. "चाक खालून गेलं आन मी वरून?"

मला हसू आलं नाही. आकडे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी आयुष्यभर मोंढ्यात वजनं केलेली असल्यामुळे वजाबाकी त्यांना लगेच कळली, पण पटली नाही.

"साठ वर्षं मी इथनं जायलोय. पाणी आलं की वरनंच जातो."

"म्हणून तसं वाटत असेल. आज सकाळी काय दिसलं ते सांगा. वरच्या वाटेला ते काळे दगड आहेत, ते दिसले?"

ते आठवत राहिले. लिंबाची पानं त्यांच्या उपरण्यावर पडत होती.

"रेघ दिसली," शेवटी ते म्हणाले. "जांभळी रेघ. मी बाजूला झालो की शीळ वाजायची, मग मी तिच्याकडं वळायचो. बाकी सगळं धुकं." मग अगदी खालच्या आवाजात, जणू स्वतःलाच, "वाट बघितलीच न्हाई की मी. रेघ बघत आलो."

नोंदीचं बटण बंद केलं तरी पडद्यावर रेघ दिसतच राहते. फक्त नोंद होत नाही. ओढ्याकाठची वाटही मी त्यांच्या यंत्रात पूर्वीच भरून ठेवली होती; चिखलातून बाजूला झाल्यावर त्यांनी तीच रेघ धरली होती. ज्या माणसानं मला दर ओढ्याचं नाव सांगितलं, तो त्या ओढ्याकाठून रेघेवर डोळे लावून गेला होता. आणि ती रेघ माझ्या हातची होती.

"जा मग खालनं," ते म्हणाले. "तुमी म्हणताव तर खालनं गेलो असंल. चाक तुमच्यावानी हाय. उगं बोलत न्हाई."

सुकन्याला त्यांच्याजवळ ठेवून मी सायकलवर एकटीच निघाले. ओढ्याची वाट अरुंद होती. पहिला भाग मी जवळजवळ न बघताच पार केला, कारण तिथं उतार आहे आणि उतारावर कुणाला उकडत नाही. ओलसर मातीत एका ठिकाणी आमच्यासारख्या जाड टायरची नक्षी दिसली. मी उतरले आणि तिला हात लावून पाहिला. मग काठ सोडून वाट वर चढायला लागते. चांगला दमवणारा चढ आहे. मी विचार केला की माणूस चढताना थांबत नाही, चढ संपल्यावर थांबतो. वर पोचले, सायकल आडवी ठेवली आणि थांबलेल्या माणसासारखी उभी राहिले. कुठल्या बाजूला पाय टेकेल? डावीकडं. डावीकडं करडईचं शेत होतं, कमरेएवढं, पिवळ्या फुलांचं आणि सगळं काटेरी.

दोरा आधी दिसला. पांढरा, करडईच्या दोन बोंडांमध्ये अडकलेला. त्याच्या टोकाला, जमिनीपासून वीतभर वर, डबी लटकत होती.

मी हात पुढं केला आणि मागं घेतला.

फोनला तिथं खालच्या बाजूला अजिबात रेंज नव्हती. यंत्रात ती जागा खुणेनं टिपून परत जाता आलं असतं, आणि मी ते बटण दाबलंही. पण तेवढ्यात पाणंदीतून शेळ्यांचा कळप वर यायला लागला आणि पुढच्या दोन शेळ्यांनी करडईच्या बांधाकडं तोंडं वळवली. मी सायकल उभी करून डबीच्या पुढं आडवी धरली आणि मधे उभी राहिले. शेळ्या माझ्या दोन्ही बाजूंनी गेल्या. एकीनं माझा हातमोजा चाखून पाहिला.

मागून पागोटं बांधलेला एक माणूस आला. त्याचं नाव निवृत्ती हे मला नंतर कळलं; करडई त्याचीच होती.

"काय हारवलं का, मॅडम?"

"सापडलंय," मी म्हटलं आणि बोटानं दाखवलं.

त्यानं वाकून पाहिलं आणि चटकन एक पाऊल मागं सरला. "कुणाचं हाय?"

"सिद्रामप्पांचं. उदगीरच्या मोंढ्यातले. ते विहिरीपाशी बसलेत, आणि मला इथून हलता येत नाही. सकाळपासून पाणी नाही प्याले."

"हलू नका," तो म्हणाला. वरच्या बांधावर जाऊन त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाळी दिली. शब्द मला कळले नाहीत. ओढ्यापलीकडच्या शेतातून कुणीतरी ती उचलली आणि पुढं दिली, मग आणखी लांबून तिसरा आवाज आला. नंतर सगळं शांत झालं. शेळ्या चरत होत्या. ऊन करडईच्या फुलांवर तिरपं आलं होतं.

जाईल तिथवर गाडी आणून पुढं अप्पा सुकन्याच्या आधारानं चालत आले. मी बाजूला झाले. त्यांनी डबी पाहिली, पण लगेच हात लावला नाही. माझ्याकडं तळहात पुढं केले. माझ्या बाटलीतलं पाणी मी त्यांच्या हातांवर ओतलं, त्यांनी हात धुतले, तोंड धुतलं, मग दोरा काट्यांतून सावकाश सोडवला. बोटाला काटे लागून रक्त आलं तरी त्यांनी ओढलं नाही. डबी दोन्ही डोळ्यांना लावली. मग तिथंच बांधावर मांडी घालून बसले, लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि मान खाली घातली. निवृत्तीनं शेळ्यांना लांब हाकललं. आम्ही तिघं उभे होतो. कुणी कुणाकडं पाहत नव्हतं.

पूजा झाल्यावर त्यांनी सुटलेला दोरा स्वतः गाठ मारून गळ्यात घातला आणि बाटली मागितली. घोट घोट पाणी प्याले. मी खिशातला खजूर पुढं केला, तोही खाल्ला. थोड्या वेळानं हाताची थरथर थांबली.

"लावला असता हात तरी चाललं असतं, बाई," ते म्हणाले. "अडचण होती."

"शेळ्या होत्या. मी थांबले."

"हाव. तुमी थांबता. पहिल्या दिवशी बी थांबलाव. मी नका म्हणलो होतो."

मला खूप काही म्हणायचं होतं, त्या मोटरसायकलबद्दल, दोन वर्षांच्या सकाळींबद्दल. मी म्हटलं, "अप्पा, तुम्ही आला नसतात तर मी सायकल विकून टाकली असती."

त्यांनी माझ्याकडं जरा पाहिलं. "ते सुकन्यानं सांगितलं वाटतं. तिच्या पोटात काय राहत न्हाई."

"तुमच्या पोटात दिवसभर काय राहिलं ते बघा आधी," सुकन्या म्हणाली. ती आता खरंच रडत होती आणि हसतही होती.

निवृत्तीच्या घरच्यांनी शेताच्या टोकाला आगटी पेटवली होती. त्यानं पळसाच्या पानावर गरम हुरडा आणून अप्पांच्या पुढं ठेवला. अप्पांनी मूठभर हातात घेतला, फुंकर घातली आणि तसेच थांबले.

"शिवम्मा बसली असंल तशीच," ते म्हणाले. "तिला कळू द्या आधी."

सुकन्यानं फोन काढून पाहिला, रेंज नव्हती. मी सायकल उचलली. तलावाचा बांध तिथून जवळ आहे, पण शेवटचा तुकडा उभा आहे. एरवी मी तो उतरून चालत चढते. त्या दिवशी पायडलवरून उतरले नाही. वर पोचले तेव्हा श्वास लागला होता, तरी नंबर लावला. पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

"काकू, सापडलं. अप्पा पाणी प्याले."

पलीकडून भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"कुठं होतं?"

"खालच्या वाटेला. करडईत."

"आन ते वरनं गेलो म्हणत असतील."

"हो."

"हं," त्या म्हणाल्या. मग, "बाई, तुमी सकाळधरनं काय खाल्लं का?"

मला आठवावं लागलं. "नाही."

"मग उरका बरं. तवा ठेवते मी. आन इथं आल्यावर आधी तुमी बसायचं. ते दोघं मागनं."

मी फोन खिशात ठेवला. खाली आगटीच्या धुराजवळ ते बसलेले दिसत होते, लहान लहान. मी दोन्ही हात उंच केले. अप्पांनी मान हलवली की नाही, ते इतक्या लांबून कळलं नाही, पण त्यांचा हात तोंडाकडं गेलेला मला दिसला.